कुंकू लागलेला कॅमेरा

अण्णांची फॅक्टरी बंद पडली त्या हिवाळ्यात आमच्या घरात नवी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. सोफा कुणीतरी रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेला, तो अण्णांनी आणि खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन शेजाऱ्याने मिळून जिन्याने वर चढवला होता. जेवायचं टेबल मामाचं. ज्या मामाने आम्हाला या देशात बोलावून घेतलं, तो आम्ही येऊन वर्ष व्हायच्या आत नोकरीसाठी टेक्सासला, अर्विंगला निघून गेला आणि जाताना टेबल, तीन खुर्च्या आणि बर्फ काढायचं फावडं आमच्यासाठी सोडून गेला. माझा कोट चर्चच्या तळघरातला. त्याच्या आतल्या बाजूला 'डेबी' अशी पट्टी शिवलेली होती आणि आईने ती उसवली नाही, कारण उसवली तर अस्तर फाटेल म्हणाली. माझी धाकटी बहीण मीना मला सबंध हिवाळाभर डेबी म्हणूनच हाक मारायची. "डेबी, युअर खिचडी इज रेडी!"

आम्ही ऑरोराला राहायचो. शिकागोहून निघालेली लोकल गाडी नेपरव्हिलवरून पुढे येते आणि इथे येऊन संपते. आमच्या खिडकीमागेच रेल्वेचं यार्ड होतं. थंडीत इंजिनं गोठू नयेत म्हणून ती बंद करत नसत, त्यामुळे घरात सतत एक घुमणारा आवाज असायचा, ताटातला चमचासुद्धा त्याने हलायचा. त्यात रेडिएटरची ठकठक. जेवायला खिचडी, कोबी, बटरमिल्कची कढी, आणि सरकारने गरिबांना वाटलेल्या पिवळ्या चीजची वीट मिळाली की आई ती किसून थालीपिठात घालायची. मला आणि मीनाला ती थालीपिठं फार आवडायची. अण्णा मात्र त्या दिवशी नुसता भात खायचे. कुणी काही विचारायचं नाही. आजही मोठ्या दुकानात चीजच्या विभागात गेले की मी त्या पिवळ्या रंगाकडे बघत नाही. आवडत नाही असं नाही. बघत नाही, एवढंच.

अण्णा नववी शिकलेले. मिरजेत एका वर्कशॉपमध्ये कामाला होते, इथे आल्यावर पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका फॅक्टरीत प्रेसवर लागले. तो प्रेस फॅक्टरीने दुसऱ्या एका बंद पडलेल्या फॅक्टरीकडून जुना घेतला होता. वरून हिरवा रंग मारलेला, पण आधीच्या मालकाचं नाव रंगाखालून हाताला लागायचं, असं अण्णा सांगत. एका सकाळी पायाने पेडल दाबलेलं नसताना तो आपणहून खाली आला आणि अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांना पॅकिंगमध्ये टाकलं, मग फॅक्टरीच बंद झाली, मग ते एका गोदामात दुपारच्या पाळीवर जायला लागले. या सगळ्याबद्दल ते एकच वाक्य बोलायचे, "जुनं मशीन आधीच्या माणसाची सवय घेऊन येतं." चिडून नाही, साधं सांगितल्यासारखं. आई नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत होती. तिच्या हातांना ब्लीचचा वास कायम असायचा, कणीक मळतानासुद्धा.

मी तेव्हा कम्युनिटी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. अकाउंटिंग घ्यायचं असं घरात ठरलं होतं, आणि घेतलंही होतं. पण एक विषय मनाने निवडायचा असतो म्हणून मी फोटोग्राफी घेतली, आणि डार्करूममध्ये लाल दिव्याखाली पाण्यातल्या कागदावर पहिल्यांदा माझ्याच आईचा चेहरा उमटताना पाहिला तेव्हा माझं काय ते ठरून गेलं. पहिल्या सत्रात कॉलेज कॅमेरा वापरायला द्यायचं. पुढच्या सत्रापासून स्वतःचा हवा, हातानं सगळं लावता येईल असा. नाहीतर वर्गात जागा नाही. शिकवणाऱ्या मिसेस वॉलेस म्हणून बाई होत्या, उंच, खोकत बोलणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नवा घे नाहीतर वापरलेला घे, मला फरक पडत नाही. वापरलेला घेशील तर मागचं दार उघडून उजेडाकडे धर आणि प्रत्येक वेगाला शटर उडवून बघ. भिंगात बुरशी नको. सेलच्या जागी हिरवा गंज नको. बाकी ओरखडे कितीही असू देत." मी हे घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

जानेवारीत केळकरकाका गेले. केळकर मूळचे पुण्याचे, काका इंजिनियर, नेपरव्हिलला मोठं घर. त्यांची आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. ते आमच्याशी कधी तोऱ्यात वागले नाहीत हे मी सांगितलंच पाहिजे, कारण बाकीचे पुष्कळ वागायचे. काका ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते आणि फावड्यावर ओणवे झाले ते उठलेच नाहीत. वय पन्नासही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. पुण्याला त्यांची आई होती, भाऊ होते. इतक्या तातडीनं कुणाला व्हिसा मिळणार? काकांच्या भावाने फोनवर काकूंना एवढंच सांगितलं की आई विश्वास ठेवायला तयार नाही, जेवत नाही, तुम्ही एक चेहऱ्याचा फोटो तरी पाठवा.

फ्युनरल होममध्ये मंडळाची तीस-चाळीस माणसं जमली होती. त्यातल्या निम्म्या पुरुषांकडे गळ्यात लटकवण्याजोगे कॅमेरे होते. नायगाऱ्याचे, डिस्नेचे स्लाइड शो आम्ही याच लोकांच्या घरी बसून पाहिलेले. काकूंनी एकेकाला विचारलं. एक म्हणाले, "वहिनी, माझ्यात रोल नाहीये." दुसरे म्हणाले, "फ्लॅश बिघडलाय हो." तिसरे चष्मा पुसत राहिले. मला वाटलं खरंच रोल नसेल. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न असलेला माणूस आपल्या कॅमेऱ्यात आधी प्रेताचा फोटो कसा येऊ देईल, हे मला फार नंतर समजलं. काकू मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात काकांचा कॅमेरा. "सुलभा, तू शिकतेस ना गं हे? काढ बाळ. फ्लॅश मात्र नको. त्यांच्या डोळ्यांवर उजेड मारू नकोस."

काकांना त्या लोकांनी सूट-टाय घातला होता, गालांना गुलाबी काहीतरी लावलं होतं, ओठांनासुद्धा. माझी आई पुढे झाली. कुणालाही न विचारता तिने पदराचं टोक ओलं करून काकांचे ओठ पुसले, गाल पुसले, टाय सैल केला. तिथला गोरा माणूस दाराशी उभा राहून नुसता बघत राहिला. खोलीत गुलाबी शेडचे दोन दिवे होते, बस. कॅमेरा जड, थंड, आणि कॉलेजच्या कॅमेऱ्यासारखाच हाताने चालणारा. मी उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई पाहिली, भिंग पूर्ण उघडलं, वेग सेकंदाच्या पंधराव्या भागावर आणला. इतक्या कमी वेगाला हात हलला की चेहरा फिसकटतो. मी शवपेटीच्या कडेला दोन्ही कोपर टेकले, श्वास सोडला आणि दाबलं. कोपराखाली लाकूड होतं आणि एक वीतभर अंतरावर काका. भीती वाटली नाही. फोकस चुकेल एवढीच भीती वाटली. नंतर मला या गोष्टीचीच लाज वाटली होती. आता वाटत नाही.

मिसेस वॉलेसनी मला सुट्टीच्या दिवशी डार्करूम उघडून दिली. फोटो पुण्याला गेला. तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. आईला म्हणाल्या, "सासूबाईंनी फोटो उशाशी घेतला, खूप रडल्या, आणि मग म्हणे वरणभात मागितला." मग मला फोनवर घेऊन म्हणाल्या, "कॅमेरा घेऊन जा गं. तुला लागणारच आहे ना? घरात दिसला की मला ते ट्रायपॉड लावून पळत येऊन माझ्याशेजारी उभे राहतायत असं वाटतं."

मी रिसिव्हर ठेवला आणि अण्णांना सांगितलं. मला वाटलं सुटलो, प्रश्न मिटला. अण्णा डबा भरत होते. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "तो या घरात नको."

"अण्णा, चांगला आहे तो. मी सगळं तपासलंय. शटर, भिंग—"

"मढ्याचा आहे."

"काकांचा आहे!"

"त्यांचा होता आणि त्यांच्यावरच चालवला. पहिली पोरगी माझी, पहिलं हत्यार तिच्या हातात द्यायचं, ते असलं? तुला नवा आणीन मी. या घरात तुझ्यासाठी एक तरी गोष्ट खोक्यातून निघेल."

मीना सोफ्यावरून म्हणाली, "इट्स जस्ट अ कॅमेरा, अण्णा," आणि अण्णांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुस्तक घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली.

अण्णांनी त्यानंतर गोदामात रविवारचीही पाळी घेतली. डाव्या हातानं खोकी उचलून उचलून त्यांचा खांदा धरला, आई कापूर घातलेलं तेल चोळायची. वर्गात नाव घालायची मुदत जवळ येत चालली, आणि ते मॉलमध्ये एकटे जाऊन कॅमेरा घेऊन आले. मला बरोबर नेलं नाही. मला चकित करायचं होतं त्यांना. ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांनी आंघोळ केली, टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला, खोकं उघडलं, थर्मोकोल बाजूला ठेवला, आणि काळा चकचकीत कॅमेरा मधोमध मांडला. आईने शिरा केला होता. अण्णांनी मिरजेत वर्कशॉपमध्ये दसऱ्याला करायचे तशी साग्रसंगीत पूजा केली: हळद, कुंकू, अक्षता, वर फूल म्हणून शेजारणीकडचं प्लास्टिकचं जास्वंद. कुंकवाचं बोट भिंगाच्या बरोबर वर टेकवलं. मग मला म्हणाले, "घे. याच्यात हाताने काही करायचं नाही. दुकानवाल्याला मी तेच विचारलं, सगळ्यात भारी कुठला? ज्यात माणसाला कशाला हात लावायला लागत नाही असा. उजेड तो बघतो, फोकस तो बघतो, फ्लॅश आपणहून येतो. नुसतं दाबायचं."

मी कॅमेरा उचलून फिरवून पाहिला. एकही कडं नव्हतं फिरवायला. वेगाचं चाक नव्हतं. मला कळलं, आणि माझा चेहरा अण्णांना कळू नये म्हणून मी वाकून त्यांच्या पाया पडले.

तरी मी तो कॉलेजात नेला. मनात वेडी आशा होती. मिसेस वॉलेसनी तो हातात घेतला, मोठ्या मायेनं घेतला, आणि म्हणाल्या, "सुलभा, हा वाढदिवसाला छान आहे. पण हा तुला काही शिकवणार नाही. त्या खोलीत तू हा नेला असतास तर यानं त्या माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारला असता आणि तुला थांबवताही आलं नसतं." मी विचारलं, अपवाद करता येईल का? त्या नाही म्हणाल्या. चार दिवसांत दुसरा आण, नाहीतर तुझी जागा वाट बघणाऱ्याला जाईल.

घरी सांगितलं. अण्णांनी खोकं पुन्हा भरलं, थर्मोकोल जसाच्या तसा बसवला, पावती खिशात घातली आणि "चल," म्हणाले. बदलून देतात, त्यांनी दुकानात आधीच विचारून ठेवलेलं होतं. काउंटरवर माझ्याच वयाचा एक पोरगा होता. त्यानं कॅमेरा बाहेर काढला, उजेडात धरला आणि नखानं भिंगाच्या कड्याशी खरवडलं. "हे लाल काय आहे? रक्त आहे का?" मी म्हटलं, "नाही, ती एक पावडर आहे, पूजेची. वुई ब्लेस थिंग्ज." त्यानं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने सरकणारं झाकण पुढेमागे केलं, ते करकरलं. आमच्या घरातलं कुंकू आणि हळद फटीत जाऊन बसली होती. तो अण्णांकडे बघून, अगदी सभ्यपणे, सावकाश बोलला, जसं इंग्रजी न येणाऱ्याशी बोलतात तसं.

"आय अ‍ॅम सॉरी, सर. धिस इज अ युज्ड कॅमेरा."

अण्णांना एवढं इंग्रजी येत होतं. ते म्हणाले, "नो. न्यू." मॅनेजरने मान हलवली. अण्णा पुन्हा म्हणाले, "न्यू. वन डे. माय डॉटर." मागे रांगेत लोक होते. मी त्यांच्या बाहीला धरलं. "अण्णा, चला." ते हलेनात. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तिथेच काउंटरवर ते कुंकू पुसायला सुरुवात केली, आणि जसं पुसत गेले तसं ते पसरत गेलं. मी माझ्या कामाच्या निमित्ताने पुढे जळालेली घरं पाहिली, पुरात वाहून आलेले सोफे पाहिले. पण माणसाची मान खाली गेलेली मी तशी पुन्हा कुठे पाहिलेली नाही, आणि त्या क्षणाचा फोटो माझ्याकडे नाही हे फार बरं झालं.

रविवारी आई घरी होती. अण्णांनी सकाळीच जाहीर केलं, फोटोबिटो पुरे, अकाउंटिंग आहे ना, त्यात नोकरी आहे. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, मी कुठे कामाला जाते?"

"काय?"

"मी काय काम करते ते सांगा की."

"लॉन्ड्रीत."

"नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत. आठवड्याला दोन जण तरी जातात तिथे. त्यांच्या अंगाखालच्या चादरी मी धुते. कधीकधी अजून ओल्या असतात." तिने पोळी तव्यावर टाकली. "त्याच हातांनी ही लाटते आणि तुम्ही जेवता. मला कधी म्हणालात, मढ्याचे हात या घरात नकोत?"

"तुझी गोष्ट वेगळी आहे. ते पोटासाठी—"

"आणि हिचं कशासाठी आहे?"

यार्डातलं इंजिन घुमत होतं. मग अण्णा म्हणाले, "माझ्या डोळ्यांपुढे नको." एवढंच. याला कुणी परवानगी म्हणेल की नाही मला ठाऊक नाही. आईने ती मानली. तिने गॅस बंद केला, हात पुसले, कोट चढवला आणि आम्ही दोघी गाडीने नेपरव्हिलला गेलो. काकूंनी कॅमेरा काकांच्याच मफलरमध्ये गुंडाळून दिला. मी तिथेच मागचं दार उघडलं, खिडकीकडे धरलं आणि प्रत्येक वेगाला शटर उडवलं. काकू हसून म्हणाल्या, "चिकित्सक आहेस. ते पण असेच होते." दुसऱ्या दिवशी मी मिसेस वॉलेसच्या टेबलावर तो ठेवला आणि वर्गात नाव घातलं.

कॅमेरा मी कॉलेजच्या लॉकरमध्ये ठेवायचे. घरात तो कधी आला नाही. मंडळात मात्र बातमी पसरली. चैत्रात एका मुंजीचे फोटो काढायला मला सांगितलं होतं, मुलाच्या आजी मला स्वयंपाकघरात नेऊन प्रेमानं म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही हं. पण तो कॅमेरा नको. दुसरा असेल तर आण." दुसरा होताच की, कपाटात, खोक्यात, पण तो अण्णांनी कुणालाच हात लावू दिला नाही. त्यामुळे लग्न, मुंजी, डोहाळजेवणं यांना मला कुणी बोलावलं नाही. मरणाला मात्र न चुकता बोलवायचे. फोनवर आधी आईशी इकडचं तिकडचं बोलायचे, मग हळूच, "सुलभा आहे का घरी?" आज अंत्यविधी फोनवरून थेट दाखवतात, पुण्यातली माणसं घरात बसून हात जोडतात. तेव्हा इथून तिथे जाणारं शेवटचं दर्शन माझ्या हातातून जायचं. मी कुणाला नाही म्हटलं नाही. चेहऱ्यावरचा उजेड कसा वाचायचा हे मी जितकं तिथे शिकले तितकं वर्गात शिकले नाही.

एकदा रॉकफर्डला मंडळातलं कुणी वारलं, वाटेवर बर्फाचं वादळ होतं आणि मला न्यायला कुणी नव्हतं. अण्णांनी किल्ल्या उचलल्या. कॉलेजपाशी थांबून मी लॉकरमधून कॅमेरा आणला, ते समोर बघत राहिले. तिथे पोचल्यावर आत आले नाहीत, पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून राहिले. मी परत आले तेव्हा काचेवर बर्फ साचला होता आणि ते हात काखेत घालून बसले होते. निम्मा रस्ता झाल्यावर विचारलं, "नीट आले का?"

"प्रिंट काढल्यावर कळेल."

"हं," म्हणाले, आणि वायपर जोरात केले.

ते या विषयावर त्यानंतर कधी बोलले नाहीत. मी दोन वर्षांचा कोर्स पुरा केला, मिसेस वॉलेसच्या शिफारशीवर राज्याच्या विद्यापीठात गेले. शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळ्यात अण्णा गोदामात पडले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत राहिले नाहीत. मिरजेला अण्णांची आई, माझी आजी होती. मी काकांच्याच कॅमेऱ्याने फोटो काढला, फ्लॅशशिवाय, आणि पाठवला.

पुढच्या मे महिन्यात मी पदवी घेतली. आईच्या आणि अण्णांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेज पुरं करणारी मी पहिली. जूनमध्ये इलिनॉयमधल्या एका लहान दैनिकात मला फोटोग्राफरची नोकरी लागली, आणि तेच काम मी निवृत्त होईपर्यंत केलं.